हेमशेटचा निर्दोष रथ

राजा रणधवलाचा नवाकोरा रथ उतार लागला की डावीकडे ओढायचा. रथ काही ऐरागैरा नव्हता. चंदनाची बैठक, चांदीची नक्षी, मखमली गाद्या. रथांचा बडा व्यापारी हेमशेट याने तो विकताना भर दरबारात शब्द दिला होता, "महाराज, पाच वर्षांत याला काही झालं तर दुरुस्ती फुकट. फक्त दोष आहे की नाही, तेवढं मी ठरवणार." राजाने मान डोलावली. एवढी महागाची वस्तू घेणाऱ्याला असल्या बारीकसारीक गोष्टी विचारणं कमीपणाचं वाटतं.

रथ हेमशेटच्या कारखान्यात गेला. तिथला कारागीर म्हणाला, चाकांचा आस वाकलाय. पुढच्या खेपेला दुसरा म्हणाला, आस झकास आहे, घोडेच नाठाळ आहेत. तिसऱ्याने ना आस पाहिला ना घोडे. त्याने रथ धुतला, तेल चोपडलं, झेंडूची माळ घातली आणि "झालं काम" म्हणून परत धाडला. आता रथ डावीकडे ओढायचाच, वर गादीखालून कुईकुईही करायचा. कारखान्याच्या सपाट अंगणात मात्र रिकामा फिरवला की स्वारी शहाण्या बाळासारखी चालायची. तक्रार केली की हेमशेटचा मुनीम हसून म्हणायचा, "नव्या रथाची सवय व्हायला वेळ लागतो." लाज नावाची चीज त्या कारखान्यात औषधालाही नव्हती.

शेवटी व्हायचं तेच झालं. गडाच्या उतारावर रथ डावीकडे गेला तो थेट कुंभाराच्या गाडग्यांत, आणि गाडग्यांच्या ढिगावर राजा.

राजाने खापऱ्या झटकल्या आणि सारथी म्हाळोजीवर डोळे वटारले. "वेंधळ्या, रथ हाकतोस की नांगर?"

"म्हाराज, रथातच खोट हाय."

"एवढा महागाचा रथ, त्यात खोट असेलच कशी? हेमशेट म्हणतो नाही. आणि ठरवायचं त्याने."

"तो कशाला व्हय म्हणंल?"

"मग तूच त्याला म्हणायला लाव. उद्या भर दरबारात हेमशेटने स्वतःच्या तोंडाने खोट कबूल केली पाहिजे. नाहीतर बायकापोरं घेऊन राज्याबाहेर चालू लाग."

म्हाळोजी घरी आला आणि तबेल्याच्या ओट्यावर मटकन बसला. त्याची बायको गोजरा घोड्यांचे हरभरे भिजत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला हेमशेटचा राग आलाच, पण राजाचा त्याहून जास्त आला. गाडग्यांत पडूनही ज्याला रथापेक्षा त्याची किंमत खरी वाटते, त्याला काय म्हणावं? लग्न होऊन ती याच तबेल्यात आली होती, पोरं इथेच मोठी झाली होती. आता एका लबाड शेटपायी ती कुठे नेऊन ठेवायची?

"गोजरे, शेटच्या तोंडनं कबूल करवायचं म्हंजी घोड्याकडनं अभंग म्हणवून घेणं," म्हाळोजी म्हणाला.

"शेट सवता बसलाय का कधी त्या रथात?"

"छ्या. तो पालखीतनं फिरतो."

गोजराने हात पुसले. "मग उद्या मीबी येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी गडावरच्या दरबारात हेमशेट ऐटीत उभा होता. शेजारी मुनीम, मागे तिन्ही कारागीर. राजाने विचारलं, "शेट, आमच्या रथात काही खोट?"

"राम राम राम. असा निर्दोष रथ अख्ख्या मुलखात नाही, महाराज."

राजाने म्हाळोजीकडे पाहिलं. म्हाळोजीने जमिनीकडे. तेवढ्यात गोजरा पुढे आली.

"म्हाराज, आम्ही काय, उद्या गाव सोडू. जाता जाता एक मागणं हाय. परवा शेटजींच्या लेकीचं लगीन. आपल्याकडं म्हाराज ज्याला मान देत्यात त्याच्या घरच्या वरातीला राजाचा रथ जातो. शेटजींइतका मानाचा माणूस दुसरा कोण? गडावरच्या देवीच्या पाया पडून नवरानवरी ह्याच रथातनं उतारानं खाली येऊ द्या."

मान द्यायला राजाला फार आवडायचं. त्यात खर्च नसतो. "वा, दिला रथ."

हेमशेटच्या कपाळावर घाम दिसू लागला. "कृपा आहे महाराजांची. पण... पोरीला पालखीची हौस आहे."

"चढताना पालखी घ्या की, उतरताना रथ," गोजरा म्हणाली.

"रथ गावातल्या सपाट रस्त्यावर फिरवू, महाराज. गडावर नको."

"का? उताराला काय झालं?" राजाने विचारलं.

"तसं काही नाही. पण उतारावर आपलं... जरा जपलेलं बरं."

"आम्ही गाडग्यांत पडलो तेव्हा नव्हतं ते जपायला सांगितलंस." राजाचा आवाज चढला. "आमचा मान नाकारतोस? परवा तुझी लेक ह्याच रथातून उतरेल. हा आमचा हुकूम."

हेमशेटने मुनीमाकडे पाहिलं. मुनीम छताची नक्षी पाहण्यात गुंग झाला होता. मग शेटचे गुडघेच टेकले.

"नको, महाराज. रथात खोट आहे. आस पहिल्यापासून तिरका बसलाय. बदलायचा तर अख्खा रथ उकलावा लागेल म्हणून नुसतं तेलपाणी केलं. माझी एकुलती एक लेक आहे हो ती!"



"शेटजी," गोजरा शांतपणे म्हणाली, "राजाबी आम्हाला एकच हाय."

राजा आधी लालबुंद झाला. मग त्याच्या मिशा थरथरल्या आणि तो असा खदाखदा हसला की पगडी कानावर आली. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने गोजराच्या हातावर ठेवला. म्हाळोजीला साऱ्या तबेल्याचा मुख्य केलं. हेमशेटने महिन्याच्या आत नवा रथ द्यावा आणि कुंभाराची गाडगी भरून द्यावीत, असं फर्मावलं.

"आणि म्हाळोजी," राजा डोळे पुसत म्हणाला, "शेटजी दमलेत. त्यांना रथातून गडाखाली सोडून ये."

हेमशेटने हात जोडले, पायताण काखेत मारलं आणि भर उन्हात पायीच गड उतरू लागला, रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने.