टिटवीची तीन टरफलं

फार पूर्वी रानातले निवाडे पाणवठ्यावर व्हायचे. गुन्हा जेवढा मोठा वाटेल, तेवढे खडे प्रत्येकाने खड्ड्यात टाकायचे. जितके खडे पडतील, तितके दिवस गुन्हेगाराला पाणी बंद.

एकदा कोल्ह्याच्या पायाखाली टिटवीचं अंडं फुटलं. खड्डा काठोकाठ भरला. चार दिवसांनी मोराच्या पायाखाली दुसरं फुटलं. खडे पडले तीन. "नाचताना लक्ष राहत नाही हो बिचाऱ्याचं," हरणी म्हणाली.

खडे मोजणाऱ्या म्हाताऱ्या कासवाला राहून राहून नवल वाटत होतं. तिसरं अंडं फुटलं, तेव्हा त्याने सगळ्यांना बोलावून एवढंच सांगितलं, "टिटवीचं अंडं कुणाच्या तरी पायाखाली फुटलंय. टाका खडे."

कुणीच पुढे येईना.

"पण आजोबा, फोडलं कुणी?" हरणीने विचारलं.

"ते मागाहून सांगतो. गुन्हा केवढा, ते तुम्ही आधी सांगा."

तेवढ्यात टिटवी आली. तिने तिन्ही अंड्यांची टरफलं सगळ्यांपुढे मांडली.

"यातलं मोराने फोडलेलं कोणतं," तिने विचारलं, "ओळखता येतंय का कुणाला?"