वरची गळती

"पण उस्ताद, एक थेंब गळायला जागा ठेवली नाही मी. मग धूर येतोच कसा?"

हुसेन उस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

त्यांच्या पुढ्यात सातगोंडाने फडक्यात गुंडाळून आणलेले चार इंजेक्टर मांडून ठेवले होते. मिरजेत डिझेल गाडीच्या इंजेक्टरला हात लावावा तर सातगोंडा मगदूमनेच, असं गिऱ्हाइकं म्हणत. तोंडावर म्हणत, त्यामुळे सातगोंडाच्या ते चांगलं लक्षात राहिलं होतं. काम मात्र तो उस्तादांच्या हाताखाली, याच ओट्यावर शिकला होता. पुढे स्वतःचं दुकान थाटलं, चकचकीत यंत्रं आणली, आणि इकडे यायचं सुटलं. भांडण झालं नव्हतं. नुसतं सुटलं होतं.

आज आला होता तो वडिलांच्या गाडीसाठी.

आण्णा दिवाळीच्या तोंडावर गेले. तेव्हापासून त्यांची ती जुनी पांढरी गाडी शेडमध्ये उभी होती आणि इंजिनाखाली डिझेलचं थारोळं वाढत होतं. सातगोंडाची आई रोज दुपारी भांडी आवरली की त्या उभ्या गाडीत जाऊन बसायची. डावीकडे, आपल्या जागेवर. काच खाली करायची. जायचं कुठेच नसायचं…

सातगोंडाने हे एकदा पाहिलं आणि आल्या पावली मागे फिरला. आईशी काही बोलावं, तर तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी त्याने गाडीचे इंजेक्टर उतरवले आणि दुरुस्तीला घेतले. त्याला तेवढंच जमत होतं.

"आईला एकदा फिरवून आणायचंय," तो आता म्हणाला. "आण्णा न्यायचे तशी. कृष्णाघाटापर्यंत. काल तिला बसवून गाडी सुरू केली. आधी बरी चालली. इंजिन तापलं आणि धूर… अख्खी शेड भरली. आई खोकत उतरली."

"काय म्हनली?"

सातगोंडा रिकाम्या फडक्याची घडी घालू लागला.

"आरं, काय म्हनली ती?"

"म्हणाली, त्यांच्या हातात असं कधी करत नव्हती. विकून टाक आता."

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"हात धू," ते म्हणाले.

कोपऱ्यात स्वच्छ डिझेलची वाटी होती, पूर्वीच्याच जागी. सातगोंडाला जरा हसू आलं. त्याच्या दुकानात आता हाताखालच्या पोरांना तोच हात धुवायला सांगायचा. तरी तो मुकाट्याने उठला आणि नवशिक्यासारखे हात बुडवून आला.

"खोल एक."

उस्तादांची बोटं आता थरथरत आणि डोळ्यांवर पडदा आल्यासारखं धुकं होतं, म्हणून खोलायचं सातगोंडानेच. इंजेक्टरच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढी पोलादी नळी असते आणि तिच्यात एक सुई. सुई उचलली की डिझेलचा फवारा इंजिनात जातो, बसली की थांबतो. सगळा खेळ त्या दोघींचा.

सातगोंडाने सुई बाहेर काढली आणि पुसायला फडकं उचललं.

उस्तादांनी नुसती मान वळवली.

सातगोंडाने फडकं खांद्यावर टाकलं. या ओट्याचा पहिला नियम तो विसरला होता. सुई पुसायची नाही. फडक्याचा एक तंतू चिकटला तरी ती अडते. धुवायची आणि ओलीच बसवायची.

त्याने ती धुतली, नळीत घातली, नळी उभी धरली. सुई थोडी वर ओढली.

"आता सोड."

त्याने सोडली. चांगली सुई अशी सोडली की आपल्याच वजनाने अलगद खाली उतरते. ही जागची हलली नाही.

"उतरंना झालीया," उस्ताद म्हणाले.

"घट्ट आहे. मुद्दाम घट्ट सुया निवडून घातल्यात. जुन्या सैल होत्या. थोडं डिझेल सुईला घासून वर चढायचं आणि रिटर्नच्या पाइपातून टाकीत परत जायचं. ते पार बंद केलं."

"आन मूळची गळती कुठं हुती?"

"…खाली. सुईचं टोक झिजलेलं. पाइपही चिरलेले, ते नवीन टाकले."

"मग टोक घासून काम भागलं असतं. वरचं का बंद केलंस?"

"गळती ती गळती, उस्ताद."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तेवढा वेळ उस्तादांनी कान तिकडे दिला. वयाने डोळे नेले होते, पण इंजिनाचा आवाज ऐकायची खोड गेली नव्हती.

"खालनं गळतं ते नुकसान," ते म्हणाले. "वर जातं त्याच्यावर सुई जगती. तेवढी वल मिळाली तर हलती. न्हाई मिळाली तर तापली की चिकटती. चिकटली की तोंड उघडंच ऱ्हातंय. मग खालनं गळतं, धूर हुतो… हे तुला म्या शिकवलं न्हवतं व्हय?"

"शिकवलं होतं."

"मग?"

सातगोंडाने मान खाली घातली. हे त्याला ठाऊक होतं. रोज दहा गिऱ्हाइकांना तो हेच समजावून सांगायचा.

"त्या गाडीतून काही गळायला नको होतं मला," तो म्हणाला.

उस्तादांनी बशी बाजूला सारली.

"आई रडती?"

"गाडीत बसून रडते. मला कळू देत नाही."

"आन तू?"

"मी कसा रडणार? घरात कुणीतरी घट्ट राहायला पाहिजे. सगळे म्हणाले, सातगोंडा होता म्हणून निभावलं."

"खरं हाय," उस्ताद म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "जुन्या सुया टाकल्यास?"

सातगोंडाने खिशातून सुपारीची डबी काढली. आण्णांची. चारही सुया तिच्यात होत्या. टाकायला हात धजला नव्हता.

मग दोघे कामाला बसले. कुठली सुई कुठल्या नळीची, हे डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक सुई प्रत्येक नळीत घालून सोडून बघावी लागते. सातगोंडा सोडायचा आणि उस्ताद कान लावायचे. नको तिथे ती अडायची किंवा धपकन पडायची. आपल्या नळीत आली की हळूच उतरायची आणि तळाशी बारीक 'टिक' व्हायचं.

"ही इथली," उस्ताद म्हणायचे, घरी परतलेल्या लेकीचं नाव घ्यावं तसं.

झिजलेली टोकं सातगोंडाने हलक्या हाताने घासली. मग इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरला लावून दांडा दाबला. खाली बारीक धुक्यासारखा फवारा उडाला आणि एकदम थांबला.

"खाली?"

"कोरडं."

"वर?"

वरच्या तोंडाशी एक थेंब आला. जमला. ओघळला. सातगोंडा त्याच्याकडे बघत राहिला.

"वर ओलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर पांढरी गाडी उस्तादांच्या ओट्याशी येऊन थांबली. स्टिअरिंगवर सातगोंडा, डावीकडे त्याची आई, काच खाली. उस्ताद ओट्यावरून चाचपडत उतरले, बॉनेटवर हात ठेवून इंजिन ऐकलं, मागे जाऊन हवा हुंगली. मग सातगोंडाच्या खिडकीशी आले.

"घाटापतोर जाऊन आलो, भावजी," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "एकदाबी धूर न्हाई. पर ह्यो येताना-जाताना एक शबुद बोलला न्हाई बगा."

उस्तादांनी खिडकीवर कोपर टेकलं.

"सातगोंडा, तुजा बा चावी फिरवायच्या आधी कायतरी इचारायचा न्हवं? आठवंना मला."

उस्तादांना आठवत नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसेल असं वाटत नाही.

"विचारायचे…" सातगोंडा म्हणाला. "आईकडं बघून विचारायचे…"

"काय?"

"कुठं जायाचं…"

पुढे एकच शब्द होता. तो येईना. त्याने पुन्हा सुरुवात केली.

"कुठं जायाचं…"

"मालकीणबाई," आई हळूच म्हणाली, आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दिवाळीपासून कोरडे राहिलेले सातगोंडाचे डोळे भरले आणि वाहायला लागले. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सवयीने त्याचा हात खांद्यावरच्या फडक्याकडे गेला.

उस्तादांनी खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. त्यांची बोटं थरथरत होती, पण पकड पक्की होती.

"पुसू नगंस, बेटा," ते म्हणाले. "वरची गळती हाय ती."