साळूने शिकवलेली चूक

साग आणि ऐनाच्या एका दाट जंगलात एक ससा राहत असे. तिथल्या सगळ्या पायवाटा त्याला पाठ होत्या, म्हणून पिल्लांना वाट शोधायला शिकवण्याचे काम त्याच्याकडे आपसूकच आले होते. त्याची शिकवणी एका वाक्याची होती. "जिथे जायचं तिकडे नाक करा आणि सरळ पळत सुटा!" एवढे सांगून तो पुढे धावे आणि पिल्ले त्याच्या मागे धावत. पुढे ससा असल्यामुळे पिल्लांना स्वतः वाट कधी शोधावी लागत नसे, पण हे कोणाच्या ध्यानात येत नव्हते. "आमचं पोर सशापाशी शिकतं हो," असे आया एकमेकींना सांगत, आणि ते ऐकले की सशाचे कान दोन बोटे आणखी वर होत.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला पलीकडच्या डोंगरातून एक साळू तिथे राहायला आली. अंगावर काळ्यापांढऱ्या काट्यांचा भारा, चालणे डुलतडुलत, बोलणे संथ. तिच्याभोवती आधी दोन पिल्ले जमली, मग पाच, मग अकरा. ससा रोज मोजत होता. त्याच्याकडे सोळा होती, त्यांची पाच उरली. बाराव्या दिवशी त्या अकरांत त्याच्या सख्ख्या बहिणीचे पोरही दिसले, तेव्हा मात्र त्याला घास गोड लागेना. तो उठला आणि साळूच्या बिळासमोर करवंदीच्या जाळीत दबून बसला.

साळूने आपले गळलेले काटे रानात सात ठिकाणी रोवून ठेवले होते. मग तिने वाळूत ओढा, टेकडी, मोठा खडक असे सगळे नखाने काढले, काट्यांच्या जागी सात खडे मांडले, पिल्लांना ते नीट पाहू दिले आणि पंज्याने पुसून टाकले. "आता आठवा आणि शोधून आणा!" पिल्ले चहूकडे उधळली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या डोळ्यांवर पळसाची पाने धरायला लावली आणि चालत चालत विचारले, "चढ कुठे संपला? ऊन कोणत्या गालावर आहे?" तिसऱ्या दिवशी पावले मोजण्याचा खेळ होता. रानडुकराचे पिल्लू वीसच्या पुढे दर वेळी पुन्हा एकापासून सुरू करी, आणि सगळे हसून लोळत.

"यात काय मोठंसं!" ससा जाळीत पुटपुटला. पण ते हसणे त्याच्या पोटात काट्यासारखे रुतले. माझ्याकडे ही पोरे कधी अशी हसली का?

दुसऱ्या दिवशी आपल्या पाच पिल्लांना बोलावून तो म्हणाला, "आज आपणही खुणा शोधायचा खेळ खेळू. मी खुणा ठेवून येतो."

"काका, पण तुम्हाला काटे कुठे आहेत?" मुंगसाच्या पिल्लाने विचारले. "तुम्ही काय ठेवणार, लेंड्या?"

पिल्ले खो खो हसली. हवे होते तेच हसणे सशाला मिळाले, पण ते भलत्याच गोष्टीसाठी. संध्याकाळपर्यंत ती पाचही पिल्ले साळूकडे गेली.

आता ससा खेळ पाहायला जाईना, तो चूक शोधायला जाऊ लागला. त्यानंतर चौथ्या दिवशी ती त्याला सापडली. साळू पिल्लांना घेऊन माळावरच्या खडकावर उभी होती. खाली ओढा होता, दोन्ही काठ उभे, पाणी खोल. ओढ्यावर एकच ओंडका आडवा पडलेला होता आणि पलीकडे जायला तेवढाच पूल. "त्या ओंडक्यावर पोचायचं आहे ना?" साळू म्हणाली. "मग ओंडक्यावर नेम धरू नका. त्याच्या डावीकडे ते जांभळाचं झाड दिसतं, तिकडे नेम धरा. मुद्दाम चुका."

सशाला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. साळू पुढे "कारण" म्हणाली, पण ते कारण ऐकायला तो थांबला नाही. तो थेट उंबराखाली गेला. यंदा पिल्लांना माळापलीकडच्या कुरणात कोणाच्या हवाली करून पाठवायचे, हे ठरवायला तिथे आया जमल्या होत्या.

"अहो, तुमची पोरं हरवायची विद्या शिकताहेत!" ससा ओरडला. "ओंडका उजवीकडे आणि ही बाई सांगते डावीकडे जा!"

साळूला बोलावणे गेले. ती सावकाश आली. "ससोबा, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं असतंस तर..."

"तुझं शेवटपर्यंत ऐकायचं म्हणजे पुढचा पावसाळा येईल!" ससा म्हणाला. "परीक्षाच होऊ दे. उद्या सकाळी खडकापासून ओंडक्यावरून पलीकडे. मी एकटा, आणि तुझी सगळी पोरं एकटी. तू सोबत जायचं नाहीस. मी हरलो तर शिकवण्याचं नाव काढणार नाही."

"कबूल," साळू म्हणाली. आयांपैकी एका चितळिणीने मान डोलावली. "जो जिंकेल, त्याच्या हाती पोरं."

सकाळी असे धुके पडले होते की स्वतःच्या मिशा दिसू नयेत. आया आधीच ओंडक्यावरून पलीकडे जाऊन बसल्या होत्या. सशाला धुक्याची काय पर्वा! त्याने ओंडक्याच्या दिशेला नाक केले आणि तो सुटला. पिल्लांची मोजणी अजून तिसापर्यंतही पोचली नव्हती, तोवर तो ओढ्याच्या काठावर होता.

पण समोर ओंडका नव्हता. धुक्यात धावताना तो थोडासा सरकला होता. थोडासाच. पण कोणत्या बाजूला? ते त्याला सांगता येईना. तो उजवीकडे साठ उड्या गेला. काही नाही. मागे फिरून पहिल्या जागी आला. डावीकडे चाळीस उड्या गेला. काही नाही. छे, उजवीकडेच असेल, आपण आणखी पुढे जायला हवे होते! तो पुन्हा वळला. पलीकडून चितळिणीचा आवाज आला, "कोण गं ते सारखं इकडून तिकडे पळतंय?" ससा जागच्या जागी थिजला. हाक मारावी तर सगळ्यांना कळणार.

तेवढ्यात वरच्या अंगाने पिल्लांचा गलका ऐकू आला. "पाणी लागलं! आता पाणी वाहतं तिकडे वळा!" थोड्या वेळाने ओंडक्यावर पावले वाजू लागली. रानडुकराचे पिल्लू धापा टाकत आईला सांगत होते, "आम्ही मुद्दाम डावीकडे चुकलो ना, म्हणून ओंडका उजवीकडेच असणार हे पक्कं होतं. सरळ आलो असतो आणि जरा चुकलो असतो, तर कुठे वळायचं तेच कळलं नसतं!"

ते कारण सशाला काल फुकट मिळत होते.

"सशामामा!" त्याचा भाचा ओंडक्यावर थांबून हाका मारत होता. "तुम्ही तिथे आहात का? ओंडका इकडे आहे, माझ्या आवाजावर या. आम्ही सगळी पलीकडे पोचेपर्यंत कोणी जिंकलं नाही, आणि मी थांबलोय ना! आपण बरोबर जाऊ."

फक्त "आलो" म्हणायचे होते. शब्द सशाच्या ओठांवर आलाही. पण साळूच्या शिष्याच्या आवाजावर चालत जायचे, आणि तेही सगळ्यांच्या देखत? त्याने कान पाठीवर पाडले, गवतात अंग चोरले आणि श्वास रोखून धरला. भाच्याने आणखी तीनदा हाक मारली. मग शेवटची पावले ओंडक्यावरून पलीकडे गेली.

दुपारी धुके विरले. पलीकडचा काठ रिकामा होता. लांब माळावर साळूमागून पिल्लांची रांग कुरणाकडे निघाली होती. सशाने काठावरच्या ओल्या मातीकडे पाहिले. डावीकडे जाऊन तो जिथून परत फिरला होता, तिथे त्याच्या पंजांचे ठसे उमटले होते. आणि त्या ठशांपासून फक्त दहा उड्यांवर ओंडका होता.

तात्पर्य : मत्सर दुसऱ्याचे बोलणे चूक सापडेपर्यंतच ऐकतो, म्हणून पुढचे शहाणपण त्याच्या वाट्याला येत नाही.