ठकूबाईने न खाल्लेला उतारा

'उतारा' हा शब्द 'उतरणे' या क्रियापदाचा, आणि त्याचे दोन अर्थ एका घरात नांदत असले तरी त्यांचे एकमेकांशी पटत नाही. विष उतरवणाऱ्या औषधाला उतारा म्हणतात. आजाऱ्यावरून ओवाळून चव्हाट्यावर ठेवलेल्या अन्नालाही उताराच म्हणतात. पहिला दुखणे नाहीसे करतो. दुसरा ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर घालतो, आणि तो दुसरा कोण, हे ठेवणाऱ्याला कधी कळत नाही. उतारा ठेवला की मागे वळून पाहायचे नाही, असा त्याचा नियमच आहे.

आता गोष्ट. ती इतकी जुनी आहे, की धामणखेडच्या ओढ्यावर तेव्हा पूल नव्हता, आणि ओढ्यावर पूल असतो हेही कुणाला ठाऊक नव्हते. त्या गावात ठकूबाई नावाची एक धनगरीण राहत असे. मेंढरे दिरांकडे गेली, नवरा देवाकडे गेला, आणि तिच्यापाशी भुंग्या नावाचा काळा कुत्रा, सटवी नावाची कबरी मांजर आणि राग, एवढेच उरले. असे म्हणतात, की तिचा राग तीन शेतांपलीकडे ऐकू जाई.

कुत्र्यामांजरांची दुखणी ती बरी करी. खाजवून कातडे सोललेल्या कुत्र्याला ती करंजेल चोळी. पिसवांनी हैराण झालेल्या मांजराचे अंथरूण जाळून त्या जागी ती राख आणि निंबाचा पाला पसरी. पोट बिघडलेल्या कुत्र्याला मात्र ती काहीच देत नसे. ती त्याच्या मागून चाले. कुत्रे देवळामागच्या हरळीपाशी जाई, पाती चावी, ओके, आणि सावली शोधून पडे. ते उठेपर्यंत ठकूबाई शेजारी बसून राही.

"वैद्य त्यो हाय," ती म्हणे. "म्या नुसती त्याची पडशी धरून मागनं चालते."

राग होता तो माणसांसाठी. गोदा सुतारणीने लग्नातले उरलेले तळण आपल्या कुत्र्याला घातले आणि ते फुगून आडवे पडले, तेव्हा ठकूबाई तिच्या दारात उभी राहून कडाडली.

"अगं, कुत्रं हाय का व्याही? ताकात अळणी भाकर कुस्कर आन् घाल. मीठ न्हाई, कांदा न्हाई, गूळ तर मुळीच न्हाई."

"आन् मग चव गं, ठकूबाय?"

"चव तुला लागती. त्याला पोट लागतं."

गोदा हसली, पण त्या दिवसापासून तिने तसेच केले. तिचे पाहून गावाने केले. असे म्हणतात, की त्या काळी धामणखेडचे कुत्रे पंधरा पंधरा वर्षे जगत, आणि म्हातारपणीही ससा धरीत.

पुढे एका उन्हाळ्यात गावात ताप आला. घराघरांत माणसे आडवी झाली. गोदाचा नवरा अंथरुणाला खिळला, रंभाजी पाटलांची सून बरळू लागली. पाटलांनी परगावाहून एक देवऋषी आणवला. त्याने डोळे मिटले, मान घुमवली आणि सांगितले, "ताप माणसातून निघून चौपायात शिरला पाहिजे. उतारा खाऊन कुत्रं मेलं, की समजा रोग गेला." मग त्याने घरोघरी अंगाऱ्याच्या पुड्या वाटल्या, उताऱ्यावर भुरभुरवायला.

पहिल्या सांजेला चव्हाट्यावर दहीभात ठेवला गेला. सकाळी तिथे एक कुत्रे ताठ होऊन पडलेले होते. गावाने गुलाल उधळला! जे कुत्रे आदल्या दिवशी दार राखत होते, त्याच्या मरणावर गावाने गुलाल उधळला. आठ दिवसांत अकरा कुत्री मेली आणि ताप तसूभर उतरला नाही. देवऋषी म्हणाला, "रोग मोठा आहे. आणखी लागतील."

ठकूबाईने भुंग्याला घरात ठेवले. तो तसाही परक्या हातचे खात नसे. पण नवव्या दिवशी दावे तोडून तो बाहेर गेला, आणि चव्हाट्यावर त्याला ताकात कुस्करलेली अळणी भाकर मिळाली, गोदाच्या ओळखीच्या मातीच्या परळात, गोदाच्या हाताच्या वासाची. त्याने ती विश्वासाने खाल्ली.

तो झोकांड्या खात हरळीपाशी आला. त्याने पाते दातांत धरले. पण जबडा मिटला तो उघडेना. त्याला शोधत आलेल्या ठकूबाईने दोन्ही हातांनी ओढून पाहिले. त्याचे पाय लाकडासारखे ताठ झाले, आणि ते हिरवे पाते दातांत तसेच राहिले.

ती चव्हाट्यावर गेली. परळाला चिकटलेला एक कण तिने जिभेच्या टोकावर ठेवला आणि थुंकला. कडू जहर. काजऱ्याची बी! तिच्या लहानपणी लांडग्यांसाठी धनगर ती कुटून ठेवीत. अंगारा कसला, काजऱ्याची भुकटी होती ती.

ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या सुनेवरून ओवाळलेले ताट चव्हाट्यावर ठेवून माणसे मागे न पाहता निघाली, तेव्हा ठकूबाईने ते उचलले आणि चावडीवर नेऊन पाटील व देवऋषी यांच्यापुढे आपटले. सारे गाव जमले.

"यात रोग हाय का विष हाय?" तिने देवऋषीला विचारले. "रोग आसंल तर म्या खाते. मला रोग चालंल. विष आसंल तर ज्यानं घातलं त्यानं खावं."

देवऋषी हसला. "बाई, हे कुत्र्यानं खायचं असतं. माणसानं नाही."

"मग कुत्र्यांस्नी इचार."

असे म्हणतात, की ती एवढे बोलली आणि गावात उरलीसुरली सगळी कुत्री एकेक करून चावडीपुढे आली. भुंकली नाहीत. ताटाभोवती कोंडाळे करून बसली आणि सगळ्यांनी एकाच वेळी तोंडे फिरवली. तेवढ्यात सटवी पारावरून उतरली. तिने ताटाचा वास घेतला, पाठ फिरवली, आणि मांजर आपल्या घाणीवर ओढते तशी पुढच्या पायाने त्यावर माती ओढू लागली. कूस बदलून बदलून, सगळ्या बाजूंनी, भाताचे शीतही दिसेनासे होईपर्यंत.

कुणी हसले नाही. गोदा सुतारणीच्या तोंडून मात्र हुंदका फुटला. "ठकूबाय, म्या अंगारा समजले गं! त्यानं खावं म्हणून तुझ्यासारखीच कालवली."

"समजलीस. वळून बघितलं न्हाईस."

पाटलांनी देवऋषीच्या झोळीतली एक पुडी उपडी केली आणि म्हणाले, "महाराज, एवढी तुम्ही चाखा." देवऋषी वहाणा तिथेच टाकून पळाला.

"आता माझं पाप ऐका," ठकूबाई म्हणाली. "दोन महिनं झालं, गावातलं एकबी कुत्रं हिरीच्या डोणीला तोंड लावीत न्हाई. समदी वरच्या झऱ्याला जात हुती. म्या मागनं चालले, डोळ्यांनी बघितलं. म्हनलं, उन्हाळा हाय, गार पाणी शोधत्यात. मला कळलं न्हाई. पर तुम्ही? ज्यांनी वाट दावली, त्यांचीच मढी पाडलीत!"

विहीर उपसली, तेव्हा तळाशी कुजलेल्या कोल्ह्याचे धूड निघाले. गाव झऱ्याचे पाणी पिऊ लागले. पंधरा दिवसांत पाटलांची सून उठून बसली, गोदाचा नवरा कामाला लागला. बारा कुत्री मात्र उठली नाहीत.

आजही धामणखेडात देवळामागच्या हरळीच्या पट्ट्यावर कुणी गुरे सोडत नाही, आणि पूजेलाही तिथली दूर्वा खुडत नाहीत. उन्हाळ्यात झऱ्यावर पहिली घागर भरण्याआधी कुत्र्याने पाणी प्यायची वाट पाहतात. आणि चव्हाट्यावर उतारा ठेवणाऱ्याला मागे वळून उभे राहावे लागते, कोण खाते ते दिसेपर्यंत. त्यामुळे आता तिथे कुणी उतारा ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र गाव चुकीची सांगते. चावडीवरचा तो विषारी उतारा ठकूबाईने स्वतः खाल्ला, साऱ्या गावाचा ताप अंगावर घेतला आणि तिथेच देह ठेवला, असे म्हणतात. हे खोटे आहे. तिने शीतभरही खाल्ले नाही. त्यानंतर ती बावीस वर्षे जगली, आणि शेवटच्या दिवसापर्यंत तिने या गावाला क्षमा केली नाही. तिच्या तोंडी तो घास घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की आपले पाप पुन्हा एकदा दुसऱ्याला खाऊ घालून ते मागे न पाहता घरी निघाले आहेत.