सहाव्या ओळीवरून मागे

“मग चूक कुणाची?” भन्तेंनी विचारलं.

“उत्पलाची,” सुगत म्हणाला. त्याला विचार करावा लागला नाही.

वैनगंगेकाठच्या त्या लहानशा विहारात भन्ते धम्मसार मुलांसाठी संगणकाचे वर्ग चालवत. भिक्खू होऊन चीवर घेण्याआधी पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी तेच शिकवलं होतं. सुगत मेश्राम आणि उत्पला गजभिये हे त्यांचे जुने विद्यार्थी, आता त्या वर्गांवर शिकवायचे. सुगत हुशार होता. ते त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला होता. बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे बसवायचे, की एकाचाही मारा दुसऱ्यावर पडू नये. प्रत्येक ओळीने आपला वजीर बसवायचा आणि तेच काम पुढच्या ओळीवर सोपवायचं. पुढे जागा नसेल, तर मागच्या ओळीवर येऊन दुसरं घर बघायचं. हे पुढे जाणं आणि मागे येणं सुगतने लिहिलं. घर माऱ्यात आहे का, ते तपासण्याचा भाग उत्पलाचा.

वर्गात चालवून दाखवला, तर पडद्यावर उमटलं, ‘उत्तर नाही’. उत्तरं आहेत, हे तर सगळ्यांनाच ठाऊक.

“येत नाही, तर हात कशाला घालतेस?” सुगत भर वर्गात तिला म्हणाला.

उत्पलाने हातातला खडू ठेवला, बाहेर येऊन चपला घातल्या आणि निघून गेली. त्यानंतर ती विहाराकडे फिरकली नाही.

“तिचा भाग तपासलास?” भन्ते म्हणाले.

“पुन्हा पुन्हा तपासला.”

“काय सापडलं?”

“अजून… काही नाही. पण माझ्या भागात चूक नाही, भन्ते.”

भन्तेंनी ओसरीच्या फरशीवर खडूने पट आखला. ओंजळभर चिंचोके त्याच्यापुढे ठेवले.

“हे वजीर. तुझा प्रोग्रॅम चालतो, तसा तू चाल.”

सुगतला जरा अपमान वाटला. तरी तो बसला. पहिली ओळ, पहिलं घर. दुसरी ओळ, तिसरं घर. भराभर पाच चिंचोके बसले. मग हात थांबला.

“सहाव्या ओळीत एकही घर मोकळं नाही.”

“मग?”

“मग मागे. पाचवीवर.”

त्याने पाचव्या ओळीतला चिंचोका उचलला आणि पुढचं घर शोधू लागला. भन्तेंनी त्याचं मनगट धरलं.

“काय केलंस?”

“मागे आलो.”

“हाताने काय केलं?”

सुगतने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं…

“उचलला.”

“हे लिहिलं आहेस?”

त्याला आत जाऊन बघायची गरज नव्हती. मागे यायचं, एवढंच त्याने लिहिलं होतं. फसलेला प्रत्येक वजीर तिथेच बसून मारा करत राहिला होता, आणि उत्पलाची तपासणी प्रत्येक वेळी तेच प्रामाणिकपणे सांगत होती.

तो आत संगणकाकडे गेला. प्रोग्रॅममध्ये वजीर उचलायची एक ओळ घातली. पडद्यावर आठही वजीर आपापल्या घरी उभे राहिले.

बाहेर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो भन्तेंपुढे मान खाली घालून बसला.

“तिचा भाग बरोबर होता.”

भन्तेंनी पटावरचा एक चिंचोका उचलला.

“आजच फोन करतो तिला. माफी मागतो.”

भन्तेंनी उरलेले चिंचोके एकेक करून गोळा केले. ओल्या फडक्याने फरशीवरचा खडू पुसला.

“तिला बोललास,” ते म्हणाले, “तेव्हा वर्गात किती जण होते?”