विसाजीशेठची पाठ

फार वर्षं झाली बरं का, खाडीवर तेव्हा पूलसुद्धा नव्हता. आमच्या गावात विसाजीशेठचा कौलांचा कारखाना होता आणि शेजारी त्याचं ऐसपैस घर. त्याची एकुलती लेक बाळंतपणात अडली. तिला होडीतून पलीकडच्या दवाखान्यात नेत होते, ती वाटेतच गेली. तेरावं झालं तसा शेठ भट्टीजवळच्या खोपटात राहायला गेला आणि घर गावच्या बाळंतिणींना देऊन टाकलं. येसूबाई सुईणीला म्हणाला, "आता कुणाला पलीकडे नेऊ नका."

असं म्हणतात, त्या घरात एकही बाई दगावली नाही.

पुढे कारखाना बंद पडला, कौलं मिळेनाशी झाली. मग आमच्या शहाण्या लोकांनी काय करावं? ज्याचं घर गळेल, तो शेठच्या छपरावरचं कौल काढून न्यायचा. "एका कौलानं काय होतंय!" सगळे हेच म्हणायचे. माझ्या पणजोबांनी तर दोन नेली. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण नेली. शेठ सगळं बघायचा. उरलेली कौलं सरकवून भोकं बुजवायचा.

एका श्रावणात सुतारांची चंद्रभागा अडली. नेमकं तिच्या खाटेवरचं छप्पर उघडं, आणि खाट सरकवायला घरभर कोरडी जागा नाही. शेठ तेव्हा ऐंशीचा. शिडी लावून वर चढला आणि त्या भोकावर पालथा पडला. दीड दिवस पाऊस कोसळत होता. असं म्हणतात, चंद्रभागेच्या अंगावर थेंबही पडला नाही.

"शेठ, खाली या हो!" येसूबाई ओरडायची.

"पोर रडलं की येतो."

पोर रडलं. शेठ आला नाही. माणसं वर चढली तर तो गेलेला, आणि पाठ भट्टीतून काढलेल्या कौलासारखी तांबडी, टणक.

मग जो तो पंच्याखाली कौल लपवून परत ठेवायला निघाला, आणि त्या घराच्या फाटकाशी सगळं गाव समोरासमोर आलं. अगं बाई गं, काय ती तोंडं झाली असतील!

त्या घरात नंतर शाळा भरली, मग रेशनचं गोदाम झालं. आता अंगणवाडी आहे, वर स्लॅब पडलाय. तिथं आता कौल लागत नाही. तरी पावसाआधी आपलं छप्पर शाकारायला घेण्यापूर्वी प्रत्येक घरचं माणूस फाटकाशी कौल घेऊन जातं आणि पूर्वजांनी किती नेली ते मोठ्यानं सांगतं. "एक," "एक," असं चालतं.

माझी पाळी आली की मी खाली बघून म्हणते, "दोन."