नदीकाठचा बाक आणि उपाशी सुतारपक्षी

फार फार जुनी गोष्ट. सागाच्या रानाला लागून एक गाव होतं. गावाखालून नदी वाहायची, आणि नाव लागायची तिथं काठावरच्या खोपटात तिघं जणं राहायची: केरबा सुतार, त्याची बायको ठकू आणि त्यांची रांगती लेक. परमुलखातून आलेलं बिऱ्हाड. जागा आपली नाही, गावही आपलं नाही.

केरबाचा हात चांगला, पण जीव उतावळा. भात शिजत असला की दहादा झाकण काढील, बी पेरलं की माती उकरून बघील.

एक दिवस पाटील म्हणाला, "केरबा, नावेची वाट बघत माणसं इथं उन्हापावसात ताटकळतात. त्यांना बसायला बाक कर. टिकला, तर गावचं सुतारकीचं बलुतं तुझं आणि वरच्या आळीत घराला जागाही तुझी."

झालं! केरबाच्या पायाला भिंगरी लागली. कुऱ्हाड घेऊन रानात पळाला. पुढ्यातच एक कोवळा साग दिसला, सरळसोट, तोडायला सोपा. त्यानं घाव घातला.

वर फांदीवर सुतारपक्षी बसला होता. म्हणाला, "अरे गड्या, आत बघ तरी. सगळं पांढरं लाकूड, गाभा बोटभरसुद्धा नाही. पांढऱ्यात अळ्या होतात. ते तर माझं ताट!"

"साग तो साग," केरबा म्हणाला. "तू तुझी टकटक कर, मला माझं काम करू दे."

ओलंच लाकूड त्यानं कापलं, रंधा मारला, आणि पांढरेपणा झाकायला वरून गेरू नि तेल चोपडलं. बाक असा झळकला की माणसं नाव सोडून बाकच बघत राहिली.

मग पाऊस लागला. लाकूड पिळलं, सांधे उकलले, अळ्यांनी फळ्या पोखरल्या. सुतारपक्षी रोज यायचा, पोटभर जेवून जायचा. आणि बाजाराच्या दिवशी दह्याचं मडकं घेऊन एक म्हातारी टेकली, तो बाक कडाडला! म्हातारी खाली, दही डोक्यावर.

"मेल्या, बाक केलास की सापळा?" ती ओरडली.

पाटील म्हणाला, "एक डाव माफ. हवा तेवढा वेळ घे, पण पुन्हा मोडला तर बिऱ्हाड उचलायचं."

केरबानं खोपटाकडं बघितलं. पुराचं पाणी खोपटाच्या दाराशी चढलेलं, लेक चिखलात रांगत होती. आता जायचं तरी कुठं? तो रानात गेला आणि त्यानं पक्ष्यापुढं हात जोडले.

पक्षी म्हणाला, "जिथं माझं पोट भरतं ते लाकूड सोड. जिथून मी उपाशी उठतो ते घे." मग त्यानं एक जुना, कवेत न मावणारा साग दाखवला. "बुंध्याभोवती कडं पाड, साल नि पांढरं कापून पार गाभ्यापर्यंत. झाड उभ्या उभ्या वाळू दे. मगच तोड."

केरबानं कडं पाडलं. पण वाट बघणं त्याला झाड तोडण्याहून जड गेलं. रोज रानात जायचा, खोड चाचपायचा, तसाच परत यायचा. गावातली माणसं विचारायची, "काय केरबा, बाक अजून झाडावरच का?"

ठकू म्हणायची, "अहो, तुमच्या येरझाऱ्यांनी झाड लवकर वाळणार आहे का? बसा, पोरीला घ्या जरा."

पोरगी चालायला लागली, बोलायला लागली, तेव्हा कुठं झाड वाळलं. केरबानं तोडलं. कडेचं पांढरं सगळं तासून चुलीत घातलं. उरला मधाच्या रंगाचा तेलकट गाभा, हाताला वास लागेल असा. फळ्या सावलीत रचल्या आणि मगच बाक केला. गेरू नाही, काही नाही.

पावसाळा गेला, उन्हाळा तापला. एका सकाळी बघतो तर बाक राखेसारखा झालेला! केरबा ठकूला हाका मारत सुटला.

"ठके, सडला गं! गाठोडं बांध, पाटील यायच्या आत निघू. नाहीतर गेरू तरी आण!"

"गेरूनं मागं काय झालं, विसरलात? कुठं जायचं नाही."

तेवढ्यात पाटील आला, मागून गाव आलं. म्हातारीही आली, पण लांबच उभी राहिली.

"रंग गेला की रे याचा," पाटील म्हणाला.

इतक्यात सुतारपक्षी बाकावर उतरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटक केली. "शी! इथं खायला काहीसुद्धा नाही," म्हणाला आणि चिडून उडाला.

ठकूनं रंधा उचलला नि एकच हात फिरवला. राखाडी पापुद्रा उडाला, खाली तोच मधाचा रंग.

"उन्हानं वरचा रंग तेवढा नेला, पाटील. आत धक्का नाही."

म्हातारी पुढं आली. आधी मडकं ठेवून बघितलं, मग स्वतः टेकली. बाक कुरकुरलासुद्धा नाही.

"पाटील," ती म्हणाली, "उभे काय राहता? जागा दाखवा त्यांना घराची."

केरबाला बलुतं मिळालं, वरच्या आळीत घर उभं राहिलं, आणि पुराचं पाणी पुन्हा कधी त्यांच्या दाराशी आलं नाही.

म्हणून सांगते, वरची झळाळी बघून काही निवडू नये. गाभा बघावा, आणि तो तयार होईतो धीर धरावा.